घरातलं काम बिघडलं तर आधी दोष मोजा

डागडुजीच्या कामावरून होणारं भांडण बहुतेक वेळा दोन वाक्यांवर अडकतं. घरमालक म्हणतो, "काम नीट झालेलं नाही." मिस्त्री म्हणतो, "साहेब, काम असंच होतं, कुठेही बघा." दोघांनाही आपलंच खरं वाटतं आणि दोघांपैकी कोणालाही ते सिद्ध करता येत नाही. मग आवाज चढतात, फोन उचलणं बंद होतं, आणि वैतागलेला मालक दुसरा माणूस बोलावून पहिल्याचं काम फोडायला लावतो. पहिल्याविरुद्ध असलेला सगळा पुरावा त्याच दिवशी डेब्रिजच्या गोण्यांत भरून खाली जातो.

"काम वाईट आहे" या वाक्याला हजार उत्तरं देता येतात. "बादलीभर पाणी ओतलं की ते ट्रॅपकडे (फरशीतल्या पाणी जायच्या भोकाकडे) न जाता दाराच्या कोपऱ्यात साचतं आणि संध्याकाळीही तिथेच असतं" याला उत्तर देणं अवघड जातं. म्हणून काम बिघडलंय असं वाटलं की पहिलं पाऊल एकच: दोष मोजता येईल, दाखवता येईल अशा रूपात पकडायचा. पैसे रोखणं, नोटीस पाठवणं, ग्राहक आयोगात जाणं या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या आणि त्याच्यावरच उभ्या राहणाऱ्या.

उदाहरण बाथरूमचं घेऊ. घरातलं सगळ्यात जास्त बिघडणारं काम तेच. गवंडी, प्लंबर, टाइल्सवाला, इलेक्ट्रिशियन असे चौघे तिथे एकमेकांच्या पाठोपाठ येतात आणि प्रत्येकाची चूक पुढच्याच्या कामाखाली झाकली जाते.

दोष पकडायचा कसा

सुरुवात ढाळापासून करा. बाथरूमच्या फरशीला नहाणी ट्रॅपकडे दर मीटरला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर उतार हवा. पाणसळ (पातळी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) ठेवून तो पाहता येतो. पाणसळ नसेल तर चारही कोपऱ्यांत पाणी ओता, दहा मिनिटांनी कुठे थांबलंय ते बघा आणि कडेला मोजपट्टी ठेवून व्हिडिओ घ्या. फरशी नुसती ओली राहिली तर हरकत नाही, पण थारोळं राहिलं तर ढाळ चुकलाय. भिंतीच्या बाबतीत ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडला की फुगवटा कळतो आणि कोपऱ्यात गुण्या (काटकोनी पट्टी) लावला की काटकोन कळतो. ही हत्यारं मिस्त्रीच्याच पिशवीत असतात. ती त्याच्यासमोर, त्याच्याच हाताने लावून घेतली तर पुढचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

टाइल्सवर नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारत जा. भरीव जागी आवाज बसका येतो, पोकळ जागी खणखणतो. एखादा कोपरा पोकळ वाजला म्हणून सगळं काम वाईट ठरत नाही, एवढी सूट प्रामाणिक कारागिराला द्यायला हवी. पण निम्मी टाइल पोकळ वाजत असेल, किंवा शॉवरखालच्या भागात सलग चारपाच टाइल्स तशा असतील, तर टाइलमागे माल पूर्ण पसरलेला नाही. बऱ्याचदा टाइलच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये मालाचे गोळे ठेवून ती दाबून बसवलेली असते. मधल्या पोकळीत पाणी साठतं, आणि फरशीवर जड वस्तू पडली की नेमकी तिथेच तडा जातो. दुसरं कारण मालाचं असतं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे साध्या सिमेंटच्या रबडीने ती धरत नाही. तिला टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागतं, आणि त्याच्या गोणीवर आयएस १५४७७ हा मानकाचा क्रमांक असतो. गोणी टाकून देण्याआधी तिचा फोटो घ्या. पोकळ टाइल्सवर मार्करने फुली मारा आणि पूर्ण भिंत दिसेल असा एक फोटो काढा.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी पाणी साठवून पाहण्याची. ट्रॅपचं तोंड बंद करायचं, फरशीवर दोन बोटं पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची पेन्सिलखूण करायची आणि निदान २४ तास, जमलं तर ४८ तास तसंच ठेवायचं. या काळात खालच्या घराचं छत बघत राहायचं. थोडं पाणी वाफेने कमी होतं, त्याने घाबरू नका. खाली ओल उतरली तर वॉटरप्रूफिंग फसलेलं असण्याची शक्यता मोठी. ही चाचणी खरं तर टाइल्स बसवण्याआधी व्हायला हवी. कंत्राटदार घाई करत असेल तर इथे मात्र ठाम राहा, कारण या टप्प्यावर दुरुस्ती काही शेकड्यांत होते आणि टाइल्स बसल्यावर तीच काही हजारांत जाते.

खालची ओल नक्की कुठून येते हेही ठरवावं लागतं, नाहीतर गवंडी प्लंबरकडे बोट दाखवतो आणि प्लंबर गवंड्याकडे. दोन दिवस बाथरूम अजिबात वापरू नका. तरीही ओल वाढत असेल तर दाबाखाली असलेली पाण्याची लाइन गळत असावी. त्यासाठी सगळे नळ बंद करून पंपाने लाइनमध्ये दाब देतात आणि दाबमापकाचा काटा बघतात. काटा खाली सरकत राहिला तर दोष पाइपाचा किंवा जोडाचा, म्हणजे प्लंबरचा. आंघोळी सुरू झाल्यावरच ओल वाढत असेल तर संशय फरशी, ट्रॅपचा सांधा किंवा सांडपाण्याचा पाइप यांच्यावर. फक्त पावसाळ्यात दिसत असेल तर बाहेरची भिंत तपासा. त्यात बाथरूमचं काम करणाऱ्याचा काही दोष नसेलही.

चूक कारागिराची की आणखी कोणाची

इथे घरमालकानेही स्वतःला काही प्रश्न विचारायला हवेत. टाइल्स वाकड्या निघाल्या आणि त्या तुम्हीच दुकानातून आणल्या असतील, तर सांधे वाकडे दिसण्याचा दोष एकट्या गवंड्यावर टाकता येणार नाही. रंगाचे पोपडे सुटले आणि रंगाऱ्याने "भिंत ओली आहे, महिनाभर थांबा" असं सांगूनही तुम्ही गणपतीच्या आधी काम हवं म्हणून रेटलं असेल, तर तुमची बाजू लंगडी पडते. पण रंगाऱ्याने ओल दिसत असताना काहीच न सांगता पुट्टी मारली असेल, तर धोक्याची कल्पना देणं हाही त्याच्या कामाचाच भाग होता. जाणकार माणसाला आपण फक्त हातांचे पैसे देत नाही, त्याच्या अनुभवाचेही देतो.

कायदाही साधारण असंच पाहतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी म्हणजे कामाच्या दर्जात, स्वरूपात किंवा पद्धतीत असलेली उणीव, आणि ग्राहकाला द्यायला हवी ती माहिती मुद्दाम दडवणंही तीत येतं.

रोजंदारी की उक्तं

हा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. कारागीर लावण्याचे आपल्याकडे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे हजेरीवर: माल तुमचा, रोज संध्याकाळी मजुरी, काय आणि कसं करायचं ते तुम्ही सांगणार. दुसरा म्हणजे उक्तं, म्हणजे काम अंगावर दिलेलं: ठरलेल्या रकमेत संपूर्ण बाथरूम करून द्यायचं, माणसं त्याची, पद्धत त्याची, बऱ्याचदा मालही त्याचाच.

ग्राहक कायद्यातून "वैयक्तिक सेवेचा करार" वगळलेला आहे, म्हणजे जिथे काम करणारा जवळजवळ नोकरासारखा तुमच्या हुकमाखाली राबतो तो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये डॉक्टरांच्या सेवेबद्दलच्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात हा फरक स्पष्ट केला. स्वतःचं कौशल्य आणि निर्णय वापरून दिलेली सेवा कायद्यात येते, मालक-नोकर नात्यातली येत नाही. त्यामुळे उक्तं काम घेतलेल्या कंत्राटदाराविरुद्ध ग्राहक म्हणून तक्रार भक्कम उभी राहते. रोजंदारीवरच्या गवंड्याविरुद्ध ती डळमळीत होते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. दिवसाच्या मजुरीवर आलेल्या माणसाने पूर्ण बाथरूमची जोखीम उचलावी ही अपेक्षा न्याय्य नाही. हजेरीवर काम करून घेताना देखरेखीची जबाबदारी तुम्ही स्वतःकडे घेतलेली असते.

तोंडी ठरलं होतं, कागद नाही, म्हणून हात टेकू नका. तोंडी करारही करारच असतो. फक्त काय ठरलं होतं हे दाखवावं लागतं: व्हॉट्सअ‍ॅपवरचा दर, यूपीआयने गेलेले पैसे, मालाची बिलं, वहीच्या पानावर त्याने काढून दिलेला हिशेब. यूपीआयच्या नोंदीत तारीख, रक्कम आणि समोरच्याचं नाव तिन्ही असतात, त्यामुळे कारागिराला रोख देण्यापेक्षा तो मार्ग बरा. चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ चॅट पुसू नका आणि फोन बदललात तर जुना जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुरावा हजर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं.

त्याला लिहा आणि संधी द्या

दोष पकडला की फोनवर भांडण्याऐवजी लिहून कळवा. असा मजकूर पुरतो:

"नमस्कार भाऊ, तुम्ही मागच्या आठवड्यात संपवलेल्या बाथरूममध्ये तीन गोष्टी राहिल्या आहेत. दाराजवळच्या कोपऱ्यात पाणी साचतं, ढाळ उलटा आहे. शॉवरखालच्या चार टाइल्स पोकळ वाजतात, त्यांवर फुली केली आहे. खालच्या घराच्या छताला शनिवारपासून ओल आली आहे. फोटो आणि व्हिडिओ पाठवतोय. येत्या रविवारपर्यंत येऊन बघा आणि दुरुस्ती कधी करणार ते इथेच लिहून कळवा. शिल्लक रक्कम दुरुस्ती झाली की लगेच देतो."

यात शिवी नाही, धमकी नाही, "तुम्ही फसवलंत" नाही. तीन दोष, एक मुदत, एक मागणी. बरेच कंत्राटदार अशा संदेशानंतर येतात, कारण त्यांनाही त्याच सोसायटीत पुढची कामं मिळवायची असतात. चारचौघांत अपमान झालेला माणूस मात्र येत नाही.

संधी देण्याला व्यावहारिक कारणही आहे. पुढे आयोगात पहिला प्रश्न हाच येतो की दुरुस्तीची मागणी केली होती का. कंत्राटदार आला आणि त्याने वरवर ग्राउट (टाइल्सच्या फटींत भरायचा माल) भरून विषय संपवायचा प्रयत्न केला, तर तेही लिहून ठेवा. उलटा ढाळ ग्राउटने सुधारत नाही, त्यासाठी फरशी काढावीच लागते.

विजेच्या कामात मात्र ही संधी द्यायची नाही. गीझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, स्विच तापतो, आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडतो: यातलं काहीही दिसलं तर त्या भागाचा एमसीबी (बोर्डावरचा त्या भागाचा स्विच) पाडा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. घरातलं वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घेणं नियमानेच आवश्यक आहे. बाथरूमच्या गीझरला अर्थिंग नसणं ही कारागिरीतली उणीव म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही, त्यात माणसं दगावतात. आधी जीव वाचवा, हिशेब नंतर.

पैसे रोखताना

हातात राहिलेली शेवटची रक्कम हे तुमचं सगळ्यात उपयोगी साधन. बाथरूमच्या कामात निदान दहा टक्के रक्कम चाचणीनंतर द्यायची असं आधीच ठरलं असेल तर उत्तम. ठरलं नसेल तरी सदोष कामाच्या दुरुस्तीला लागेल एवढी रक्कम लेखी कारण देऊन थांबवणं समजण्यासारखं आहे. पण ढाळाच्या दुरुस्तीला आठ हजार लागणार असताना साठ हजार अडवून ठेवणं चूक. त्या साठ हजारांत बिगाऱ्यांची मजुरी असते. ढाळ त्यांनी ठरवलेला नसतो, आणि त्यांच्या घरची चूल त्या आठवड्याच्या पैशांवर पेटते. किती रोखलं आणि का, याचा हिशेब कंत्राटदाराला लिहून द्या, बाकीचे चुकते करा.

त्याचं साहित्य, ग्राइंडर, शिड्या अडवून ठेवण्याचा मोह टाळा. तसं केलं की तक्रारदार तुम्ही न राहता तो होतो.

दुसऱ्याकडून काम करून घ्यायची वेळ आली तर

मुदत संपली, तो आला नाही, आणि खालच्या घराचं प्लास्टर गळायला लागलं. आता थांबून राहणंही चुकीचं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७३ करार मोडल्याने झालेल्या नुकसानीची भरपाई देतं, पण नुकसान आटोक्यात ठेवण्याचे कोणते मार्ग तुमच्या हाती होते हेही विचारात घ्यायला सांगतं. सहा महिने गळू दिलं आणि मग सहा महिन्यांच्या नुकसानीचा दावा लावला, तर त्यातला बराचसा भाग कापला जाईल.

फोडण्याआधी तीन गोष्टी करा. पहिल्याला शेवटचा संदेश पाठवा की अमुक तारखेला दुसऱ्याकडून काम करून घेत आहोत, हवं तर येऊन पाहा. एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला किंवा आर्किटेक्टला बोलावून फोटोंसह लेखी अहवाल घ्या. त्याची फी खर्च वाटेल, पण आयोगापुढे तुमच्या शब्दापेक्षा त्या कागदाला वजन असतं. आणि नव्या कारागिराकडून दुरुस्तीचं वेगळं अंदाजपत्रक घ्या. इथे लोक घोळ करतात: दुरुस्तीबरोबर नवं वॉश बेसिन, महागडे नळ असं सगळं एकाच बिलात येतं आणि दुरुस्तीला किती लागले हे कोणालाच सांगता येत नाही. फोडताना प्रत्येक थराचा व्हिडिओ घ्या. टाइलखाली वॉटरप्रूफिंगचा थर मुळात होता की नाही, हे तेव्हाच दिसतं.

खालच्या शेजाऱ्याशी मात्र "कंत्राटदाराची चूक आहे, त्याला विचारा" असं बोलू नका. सोसायटीच्या उपविधींनुसार घराच्या आतल्या नळ, मोरी, संडासातून होणारी गळती दुरुस्त करणं सभासदाचीच जबाबदारी असते. शेजाऱ्याचं छत तुम्ही करून द्यायचं आणि तो खर्च कंत्राटदाराकडे मागायचा. बिल तुमच्या नावाचं घ्या म्हणजे पुढे जोडता येईल.

ग्राहक आयोग

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. काम ॲपवरून मागवलं असेल तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यावं असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. एकट्या मिस्त्रीवर हेल्पलाइनचा फारसा दबाव पडत नाही, त्याच्यासाठी रीतसर नोटीसच हवी. ती स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपा.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कामासाठी दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच होते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. कंत्राटदार दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. मसुदा लिहायला अडचण वाटली तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. मागणी नेमकी लिहा: दुरुस्तीचा खर्च इतका, अहवालाची फी इतकी, शेजाऱ्याच्या छताचा खर्च इतका, मानसिक त्रासाबद्दल इतके. "योग्य ती भरपाई मिळावी" असं मोघम लिहिलं की मिळतेही मोघमच.

कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने असं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, वर्षं जातात असंही होतं. म्हणून आठदहा हजारांच्या वादात मध्यस्थी मान्य करा. आयोग स्वतःच तो पर्याय पुढे ठेवतो आणि कंत्राटदारालाही तो सोयीचा पडतो. रक्कम मोठी असेल, किंवा माणूस पैसे घेऊन काम अर्धवट टाकून गेला असेल, तर मात्र नेटाने लढा. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला याच कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजारांचा दंड होऊ शकतो. पोलिसांत जाण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण काम वाईट होणं हा दिवाणी वाद आहे. सुरुवातीपासून फसवण्याचाच हेतू होता हे दिसत असेल तरच फसवणुकीचा गुन्हा बनतो.

नव्या इमारतीत ताबा घेऊन पाच वर्षं झालेली नसतील तर आधी बिल्डरकडे जा. रेराच्या (बिल्डरांसाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या) कलम १४ नुसार बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवल्यापासून ३० दिवसांत त्याने विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. त्याला कळवण्याआधी स्वतःचा गवंडी लावून फरशी फोडलीत, तर "दोष तुमच्या माणसाने केला" असं म्हणायला तो मोकळा होतो.

ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय, त्यांनी एका कागदावर एवढं लिहून घ्यावं: कंत्राटदाराचं नाव आणि राहता पत्ता (पत्त्याशिवाय आयोगाची नोटीस जाणार कुठे?), मालासकट की फक्त मजुरी, मालाचे ब्रँड, हप्ते कोणत्या टप्प्याला, वाढीव कामाचा दर, वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची, आणि टाइल्स बसवण्याआधी ४८ तास पाणी भरून ठेवायचं व तोपर्यंत पुढचा हप्ता नाही. पत्ता द्यायला किंवा पाणी भरून दाखवायला जो कां-कूं करेल, त्याला काम देऊ नका, मग दर कितीही कमी असो.